नावे, नमुने आणि गोचीड

२०१२ साली ‘प्लॉस वन’ या नियतकालिकात गोड्या पाण्यातल्या माशांच्या आतड्यात राहणाऱ्या पट्टकृमींवर एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. त्यातल्या कृमींच्या गटाचे नाव ‘गँजेशिया’. नावातच गंगा आहे. भारत, बांगलादेश आणि कंबोडिया इथून नव्याने गोळा केलेले कृमी, हाती लागले तेवढे जुने नमुने आणि अनेक दशकांचे छापील साहित्य तपासून लेखकांनी असे म्हटले, की गँजेशिया आणि तिच्या भावकीतल्या आणखी एका गटात मिळून या प्रदेशातून जी ४८ नावे दिली गेली, त्यांपैकी टिकणाऱ्या प्रजाती फक्त ४. त्याच्या आदल्या वर्षी याच मंडळींनी मागूर माशातल्या एका वेगळ्या प्रकारच्या पट्टकृमींची झडती घेतली होती. तिथे ५९ नावांतून ८ उरली. या दोन्ही कामांतले पहिले नाव अनिर्बन अश या तरुण भारतीय संशोधकाचे. काम झाले चेक प्रजासत्ताकातल्या चेस्के बुद्येयोवित्से या गावच्या परजीवीशास्त्र संस्थेत.

ही रद्द झालेली नावे बहुतांशी भारतीय होती, आणि त्यांत महाराष्ट्रातल्या प्राणिशास्त्र विभागांतून दिलेली नावेही होती. आपल्याकडे, विशेषतः मराठवाड्यात, पट्टकृमींच्या अभ्यासाची एक मोठी परंपरा उभी राहिली. औरंगाबादच्या विद्यापीठात जी. बी. शिंदे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांच्या पिढ्यांनी मासे, कोंबड्या, शेळ्यामेंढ्या यांच्या आतड्यांतले कृमी तपासले आणि शेकडो वर्णने छापली. ‘सेंगा’ नावाच्या कृमीच्या यादीवर नुसती नजर टाकली, तरी गोदाकाठचा भूगोल समोर येतो. सेंगा गोदावरी आहे, सेंगा पैठणेन्सिस आहे, सेंगा औरंगाबादेन्सिस आहे. आपल्या गावाचे नाव लॅटिनच्या पंगतीला बसवण्याचा आनंद मला पूर्ण समजतो. त्याची टिंगल करणाऱ्यांपैकी मी नाही.

काम कसे चालायचे ते आधी पाहू. विद्यार्थी पहाटे मासळी बाजारात जायचा, वाम किंवा मरळ विकत घ्यायचा, प्रयोगशाळेत आणून आतडे उभे चिरायचा. आत पांढरी फीत दिसली की ती मिठाच्या पाण्यात धुऊन काचपट्टीवर चपटी करायची, फॉर्मॅलिनमध्ये टिकवायची, हिमॅटॉक्सिलिनने रंगवायची, अल्कोहोलच्या चढत्या पायऱ्यांनी पाणी काढून कायमची पट्टी करायची. मग सूक्ष्मदर्शकाखाली डोक्याचे माप, आकड्यांची संख्या, वृषणांची संख्या, अंडाशयाचा आकार. ही मापे जुन्या वर्णनांतल्या मापांशी जुळली नाहीत, की नवी प्रजाती.

मुद्दा इथेच आहे. पट्टकृमी म्हणजे लाकडाची पट्टी नव्हे. तो जिवंतपणी सतत लांबतो आणि आखडतो. थंड फॉर्मॅलिनमध्ये टाकला तर आकसून मरतो, गरम फॉर्मॅलिनमध्ये टाकला तर बराचसा सरळ राहतो. काचेखाली दाबला तर अंडाशय पसरते. मासा बाजारात चार तास उन्हात पडला असेल, तर मेलेल्या कृमीच्या डोक्यावरचे आकडे गळून पडायला लागलेले असतात. एकाच कृमीची तीन भावंडे तीन पद्धतींनी टिकवली, तर मापांवरून तीन प्रजाती सहज निघतील. त्यात भर म्हणजे मूळ वर्णने जर्मन, फ्रेंच किंवा रशियनमध्ये आणि दूरदूरच्या ग्रंथालयांत. १९८० साली जिल्ह्याच्या गावी बसलेल्या विद्यार्थ्याला ती मिळणार कुठून? समोरच्या कृमीचे माप हातातल्या दोन-तीन छायाप्रतींशी जुळले नाही, तर तो नवा आहे असे वाटणे स्वाभाविकच होते. मला यात लबाडीपेक्षा दारिद्र्य जास्त दिसते. लबाडी नंतर आली. प्राध्यापकांच्या बढत्या शोधनिबंधांच्या मोजणीवर ठरू लागल्या आणि पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिके गल्लोगल्ली निघाली, तेव्हा.

पण दारिद्र्य असो की लबाडी, दुरुस्ती करण्यासाठी मूळ नमुना लागतो. प्राणिशास्त्रात नाव कागदाला दिलेले नसते. ते एका विशिष्ट नमुन्याला दिलेले असते आणि तो नमुना कुठल्या तरी संग्रहात नंतरच्या अभ्यासकाला पाहायला मिळाला पाहिजे. आपल्या अनेक वर्णनांच्या बाबतीत हा दुवाच तुटलेला आहे. नमुना ‘विभागाच्या संग्रहात ठेवला’ असे लेखात छापलेले असते. विभागात गेल्यावर कपाट सापडते, पट्ट्या सापडत नाहीत. अशाच एका विभागात मी विचारायला गेलो होतो. जुने कपाट निर्लेखित झाले, एवढेच उत्तर मिळाले. काचेच्या पट्ट्या निर्लेखित करता येतात हे मला तोवर माहीत नव्हते.

समजा, पट्ट्या सापडल्या. तरी आज डीएनएची मदत घ्यायची तर दुसरी अडचण उभी राहते. फॉर्मॅलिन डीएनएच्या धाग्यांना एकमेकांशी आणि प्रथिनांशी चिकटवून टाकते. रंगवून, चिकटद्रव्याखाली कायमच्या बंद केलेल्या कृमीतून वाचता येईल असा जनुकक्रम मिळवणे जवळपास अशक्य. म्हणजे डोळ्याने नीट दिसावे म्हणून जी काळजी घेतली, तिनेच दुसरा पुरावा पुसून टाकला. त्या काळी हे कुणाला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. डीएनएच्या एका तुकड्याच्या कोट्यवधी प्रती काढण्याची पीसीआर ही पद्धत कॅरी मुलिस यांना सुचली १९८३ मध्ये. कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठाच्या पॉल हेबर्ट यांनी प्राण्यांच्या पेशीतल्या ऊर्जाकेंद्रांमधल्या एका जनुकाचा साडेसहाशे अक्षरांचा तुकडा प्रजातीची ओळख म्हणून वापरावा, असे सुचवले २००३ मध्ये. दुकानातल्या वस्तूवरच्या रेघांसारखा म्हणून त्याला डीएनए बारकोड म्हणू लागले.

बारकोडलाही सर्वज्ञ मानू नये. तो फक्त सांगतो, की या दोन जिवांत इतक्या अक्षरांचा फरक आहे. किती फरक म्हणजे दोन प्रजाती, हे माणसाने ठरवायचे असते. शिवाय जागतिक जनुकसाठ्यात आधी ज्याने चुकीच्या नावाने क्रम जमा केला, त्याची चूक पुढच्याच्या गळ्यात पडते. या साऱ्या प्रकरणात यजमानाचेही नाव बदलले. ज्या मागूर माशाला आपण वर्षानुवर्षे ‘क्लॅरियस बॅट्रॅकस’ म्हणून पाठ केले, तो खरा बॅट्रॅकस जावा बेटावरचा. आपला भारतीय मागूर वेगळा, ‘क्लॅरियस मागूर’. पाहुण्यांची ओळख पटवता पटवता यजमानाचीच ओळख बदलावी, असे हे झाले.

पट्टकृमी सोलापूरच्या सामान्य माणसाला फारसा दिसत नाही. गोचीड मात्र रोज दिसतो. गाईच्या कानात, कासेभोवती, शेपटीच्या मुळाशी एरंडाच्या बीसारखे फुगलेले हे प्राणी कुठल्याही गोठ्यात सापडतील. कीटक नव्हेत, आठ पायांचे, कोळी-विंचवांच्या नात्यातले. आपल्याकडे गाईगुरांवर प्रामुख्याने दोन प्रकार आढळतात. एक ‘ऱ्हिपिसेफॅलस मायक्रोप्लस’. तो अंड्यातून निघाल्यावर एकदा जनावरावर चढला, की सगळे बालपण आणि तारुण्य त्याच जनावरावर साधारण तीन आठवड्यांत उरकतो. रक्ताने टम्म झालेली मादी खाली पडते, दोन-तीन हजार अंडी घालते आणि मरते. दुसरा ‘हायलोमा’. पायांवर रंगीत पट्टे असलेला, चपळ, वाढताना जनावरे बदलणारा आणि संकरित गाईंना होणाऱ्या गोचीडतापाचे सूक्ष्म परजीवी वाहून नेणारा.

मायक्रोप्लसच्या नावाचा इतिहास गमतीचा आहे. या गोचिडाचे मूळ घर आशियातले, वशिंडाच्या गुरांबरोबरचे, असे अभ्यासक मानतात. पण शास्त्रीय नाव मिळाले १८८८ साली, कानेस्त्रिनी या इटालियन अभ्यासकाकडून, दक्षिण अमेरिकेतल्या पॅराग्वेमधल्या नमुन्यांवरून. गुरे जहाजांत चढली तिथे तिथे गोचीडही चढले, आणि आपल्या घरच्या प्राण्याचे बारसे परमुलखात झाले. पुढे त्याला ‘बूफिलस’ म्हणत, म्हणजे गुरांचा लोभी. छान नाव होते. २००३ मध्ये जनुकांच्या आणि शरीररचनेच्या पुराव्यावरून ते ‘ऱ्हिपिसेफॅलस’मध्ये विलीन केले गेले. २०१२ मध्ये ऑस्ट्रेलियातला गोचीड वेगळी प्रजाती ठरला. उरलेल्या मायक्रोप्लसचेही माइटोकॉन्ड्रियातल्या जनुकांवरून अ, ब, क असे फाटे दिसू लागले. ‘अ’ आफ्रिका, दक्षिण अमेरिका आणि आशियाच्या काही भागांत. ‘ब’ दक्षिण चीन आणि उत्तर भारतात. २०१५ साली मलेशियात काम करणाऱ्यांना तिथले काही गोचीड आणि भारतातले काही गोचीड मिळून तिसरा, ‘क’ फाटा होतो असे आढळले. एकाच नावाखाली आपण दोन-तीन वेगळे प्राणी मोजतो आहोत का, हा प्रश्न उघडाच आहे. पट्टकृमींच्या बरोबर उलटा प्रकार. तिथे एकाला बारा नावे दिली गेली, इथे कदाचित अनेकांना एकच.

मांगुर-मरळीच्या कृमींची नावे चुकली तर शास्त्राचे नुकसान होते. गोचिडाची ओळख चुकली तर शेतकऱ्याचे.

सांगोल्याच्या जनावरांच्या बाजारात कुणाही गाईवाल्याला विचारा. औषध मारले तरी गोचीड पडत नाहीत, पूर्वी अर्ध्या झाकणात पडायचे, ही तक्रार ऐकायला मिळते. औषध भेसळीचे आहे, असे तो म्हणतो. कधी तसे असेलही. पण दुसरे कारण गोचिडाच्या जनुकात आहे, आणि ते समजून घेण्यासारखे आहे.

सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन ही औषधे शेवंतीच्या कुळातल्या एका फुलात सापडणाऱ्या विषाच्या धर्तीवर बनवलेली. मज्जातंतूंतून संदेश जातो तो सोडियमचे कण आत सोडणाऱ्या सूक्ष्म दारांमुळे. दार क्षणभर उघडते, लगेच मिटते, संदेश पुढे सरकतो. औषधाचा रेणू त्या दारात पाचर मारतो. दार मिटत नाही, तंतू सारखा थरथरत राहतो आणि गोचीड लुळा पडून मरतो. आता या दाराचा आराखडा ज्या जनुकात आहे, त्यात एका जागी ‘सी’ऐवजी ‘ए’ हे अक्षर आले, तर प्रथिनात ल्युसिनच्या जागी आयसोल्युसिन बसते. दोन्ही अमिनो आम्ले इतकी सारखी, की दाराचे रोजचे काम चालू राहते. पण पाचर नीट बसत नाही. ऑस्ट्रेलियातल्या गोचिडांत हा बदल २००९ मध्ये नोंदला गेला. २०१३ साली इज्जतनगरच्या भारतीय पशुचिकित्सा संशोधन संस्थेतल्या गटाने भारतीय गोचिडांतही तोच बदल दाखवला. जगातल्या दुसऱ्या गोचिडांत त्याच जनुकात वेगळ्या जागी बदल होऊन तोच परिणाम साधलेला आहे. मेक्सिकोतल्या गोचिडांतला असा बदल १९९९ मध्येच उजेडात आला होता.

हे बदल औषधामुळे ‘घडत’ नाहीत. लाखो अंड्यांत ते अधूनमधून आपोआप होत असतात. औषध फक्त निवड करते. शंभरातले नव्व्याण्णव मेले आणि एक उरला, तर पुढच्या पिढीचा तो एकटा बाप. वर्षात तीन-चार पिढ्या होतात, हे ध्यानात घेतले म्हणजे दहा वर्षे म्हणजे किती काळ हे कळेल. आणि औषध पातळ करून, फक्त कानाला आणि कासेला चोपडण्याची आपली सवय अर्धवट प्रतिकार असलेल्यांनाही जगवते. पाचशे रुपये वाचवण्याच्या नादात आपण गोचिडांची पैदास निवडून करतो आहोत, जसे वाडवडील खिलार वळू निवडून करत.

हे ओळखायला मोठी प्रयोगशाळाच लागते असे नाही, आणि विद्यार्थ्यांच्या कामाबद्दल मला सर्वांत जास्त सांगावेसे वाटते ते हेच. फुगलेल्या माद्या गोळा करून उबदार, दमट जागी कापसाचे बूच लावलेल्या नळीत ठेवल्या, की त्या अंडी घालतात. काही आठवड्यांत मोहरीहून बारीक, सहा पायांची पिल्ले निघतात. ती दोन-तीन आठवड्यांची झाली, की औषधाच्या वेगवेगळ्या तीव्रतेत भिजवून वाळवलेल्या गाळणकागदाच्या पाकिटांत शंभरेक पिल्ले सोडायची, पाकीट चिमट्याने बंद करायचे, २४ तासांनी मेलेली आणि चालणारी मोजायची. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेनेही शिफारस केलेली ही पद्धत आहे. खर्च गाळणकागदाचा. जनुकाचा क्रम त्यानंतर पाहायचा, म्हणजे चालणाऱ्या पिल्लांत ‘ए’ आहे का आणि मेलेल्यांत ‘सी’ आहे का, हे कळते. हल्ली उलटे होते. डीएनएचा शब्द प्रबंधाच्या शीर्षकात असला की वजन येते, म्हणून विद्यार्थी चार गोचीड बाहेरच्या कंपनीला पाठवतो, अक्षरांची रांग ईमेलने मागवतो, जनुकसाठ्यात जमा करतो आणि झाडासारखी एक आकृती छापतो. ते गोचीड कुठल्या गावचे, कुठल्या गाईचे, तिच्यावर कुठले औषध मारले होते, यांतले काहीच नोंदलेले नसते. ४८ नावांचा रोग नव्या कपड्यांत, एवढेच.

सोलापूर जिल्ह्यात खरे तर असे प्रश्न पडून आहेत, की त्यांच्यासाठी परदेशातून माणसे यावीत. २०१२-१३ च्या आणि पुन्हा २०१९ च्या दुष्काळात सांगोला, मंगळवेढा भागात चारा छावण्या उभ्या राहिल्या. गावोगावची जनावरे महिनोन्महिने एकाच मैदानात दावणीला शेजारी शेजारी उभी होती. एरवी ज्यांचे गोचीड एकमेकांना कधी भेटले नसते, ती. छावणीतून परतताना प्रत्येक जनावराने काय नेले? एखाद्या गावच्या औषधाला दाद न देणाऱ्या गोचिडाचे जनुक छावणीमार्गे दहा गावांत पोचले का? छावण्यांच्या आधीचे आणि नंतरचे गोचीड कुणी बाटलीत ठेवले असते, तर याचे उत्तर आज काढता आले असते. बाजारांचेही तसेच. सांगोल्याचा आठवडी बाजार, कार्तिकीला पंढरपुरात भरणारा बाजार, सोलापुरात सिद्धेश्वर यात्रेतला जनावरांचा बाजार. माण, आटपाडी, जत, विजापूरकडची जनावरे यांत येतात आणि वाटा बदलून जातात. रक्ताच्या नात्यांचा नकाशा माणसे वंशावळीत लिहितात. जनावरांच्या व्यापाराचा नकाशा गोचिडांच्या जनुकांत लिहिला जातो.

लशीच्या बाबतीतही हाच अडथळा आहे. गोचिडाच्या आतड्यातले ‘बीएम-८६’ नावाचे प्रथिन वापरून ऑस्ट्रेलियात लस तयार झाली आणि १९९४ मध्ये बाजारात आली. क्युबातही तशीच एक निघाली. लस टोचलेल्या गाईच्या रक्तात त्या प्रथिनाविरुद्धची द्रव्ये असतात. गोचिडाने रक्त प्याले की ती त्याच्याच आतड्यावर उलटतात. कल्पना अजोड आहे. पण अर्जेंटिनातल्या एका वाणाच्या गोचिडांत हे प्रथिन थोडे निराळे निघाले आणि लस फिकी पडली. तेव्हा परदेशी लस आणावी की नाही, याचे उत्तर आधी आपल्या गोठ्यातल्या गोचिडाचे प्रथिन वाचल्याशिवाय देता येत नाही. गोचीडतापावरचे बुपार्व्हाक्वोन हे औषधही ट्युनिशिया, इराणमध्ये काही ठिकाणी निकामी होऊ लागले आहे, आणि तिथेही परजीवीच्या एका जनुकातले थोडे बदल कारण आहेत. होल्स्टीन गाईसाठी कर्ज काढलेल्या माणसाला या औषधाची किंमत ठाऊक असते.

गोचिडाच्या जनुकसंचाबद्दल एक नवल सांगितल्याशिवाय राहवत नाही. मायक्रोप्लसच्या संपूर्ण जनुकसंचात सुमारे ७.१ अब्ज अक्षरे आहेत. माणसाच्या संचात ३.१ अब्ज. अक्षरे जास्त म्हणून अक्कल जास्त असे नव्हे. त्यातला फार मोठा भाग पुन्हा पुन्हा उतरवलेल्या त्याच त्या मजकुराचा आहे. जनुकसंचात असे काही तुकडे असतात, जे स्वतःच्या प्रती काढून दुसरीकडे चिकटवत राहतात. गाईच्या जनुकसंचाचा जवळजवळ चौथा हिस्सा अशाच एका तुकड्याने आणि त्याच्या पिलावळीने व्यापला आहे. तोच तुकडा साप आणि सरड्यांतही सापडतो. पण गाय आणि साप यांच्यामधल्या कित्येक प्राण्यांत तो नाही. म्हणजे तो वारशाने आलेला नाही, आडवा उडी मारून आला. कसा? २०१३ साली ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडच्या संशोधकांना तोच तुकडा सरपटणाऱ्या प्राण्यांवरच्या गोचिडांत मिळाला. आज याचे रक्त पिणारा उद्या त्याचे पिणार. सापाच्या घरचा मजकूर गाईच्या घरी पोचवणारा टपालवाला गोचीड असावा, असा त्यांचा अंदाज आहे. सिद्ध झालेले नाही; पण गाईकडे आणि वारुळाकडे पाहण्याची माझी दृष्टी त्या लेखाने बदलली.

गोचीड आणि माणूस यांच्या संबंधातली आपल्याजवळची गंभीर कथा माकडतापाची. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात माकडे मरू लागली आणि माणसे तापाने फणफणली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने, नवा विषाणू शोधला आणि तो ‘हिमाफायसालिस’ वर्गातले जंगली गोचीड वाहतात हे उलगडले. पुढे कित्येक वर्षे तो रोग कर्नाटकात राहिला. २०१५ मध्ये गोव्यात सत्तरी तालुक्यात आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गात दोडामार्ग भागात रुग्ण आढळले. काजूच्या हंगामात रानात जाणारी माणसे.

हा विषाणू आला कुठून? पुण्याच्या संस्थेने १९५७ पासून २००६ पर्यंतचे विषाणूंचे नमुने जपून ठेवले होते. त्यांतल्या ४८ नमुन्यांचे जनुकक्रम वाचून २००९ मध्ये निष्कर्ष निघाला, की या सर्वांचा समान पूर्वज १९४२ च्या सुमारास होऊन गेला. म्हणजे रोग ओळखला गेला तेव्हा तो नुकताच उगवलेला होता. दोन वर्षांनी दुसऱ्या गटाने सौदी अरेबियातल्या जवळच्या विषाणूचे अनेक क्रम जोडून, संपूर्ण जनुकसंच घेऊन हिशेब मांडला. त्यांच्या मते भारतीय आणि सौदी शाखा निदान काही शतकांपूर्वीच विभक्त झाल्या. एकाच प्रकारचे घड्याळ आणि इतके वेगळे वेळ! अक्षरे बदलण्याचा वेग किती धरायचा आणि कुठले नमुने घ्यायचे, यावर ते अवलंबून. वाद मिटायचा तो मिटेल. पण वाद घालणे शक्य झाले, कारण कुणीतरी पन्नास वर्षे बाटल्या फेकल्या नाहीत. योगायोगाने इथेही आकडा ४८ च आहे. फरक एवढा, की या ४८ मागे ४८ नमुने होते.

२००२ च्या जैवविविधता कायद्यात तरतूद आहे, की नवी प्रजाती शोधणाऱ्याने तशी सूचना नेमून दिलेल्या संस्थेला द्यावी आणि नमुना तिथे जमा करावा. प्राण्यांसाठी भारतीय प्राणी सर्वेक्षण ही ती संस्था. तिचे पश्चिम विभागाचे केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे. सोलापूरहून रेल्वेने सकाळी निघालेला विद्यार्थी नमुना देऊन रात्री घरी परत येऊ शकतो. पीएच.डी.साठी शोधनिबंध छापलाच पाहिजे ही सक्ती विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये उठवली, तेव्हा घाईने नाव छापण्याचे एक कारण तरी कमी झाले आहे. केगावच्या आपल्या विद्यापीठात किंवा शहरातल्या महाविद्यालयांत प्राणिशास्त्राच्या मुलामुलींची उणीव नाही, आणि त्यांतल्या निम्म्यांच्या घरी गोठा आहे.

म्हणून ज्या विद्यार्थ्याला या दिवाळीच्या सुट्टीत गावी जायचे आहे, त्याच्यासाठी थोडे व्यवहाराचे. गोचीड ओढून तोडू नये; चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर खेचावा, म्हणजे तोंडाचा भाग शाबूत राहतो आणि ओळख त्याच भागावरून पटते. उघड्या बोटांनी चिरडू नये. एका जनावराचे गोचीड एका बाटलीत, दुसऱ्याचे दुसरीत. फॉर्मॅलिन नको; ९५ टक्क्यांच्या वरचे अल्कोहोल, गोचिडांच्या मानाने भरपूर, आणि फुगलेल्या मादीला टाचणीने एक भोक, म्हणजे अल्कोहोल आत शिरते. प्रतिकाराची चाचणी करायची असेल तर काही माद्या जिवंत, भोकाच्या डबीत, ओलसर कापसासह. बाटली शक्य तितकी थंड आणि अंधारात. चिठ्ठीवर गाव, तालुका, तारीख, जनावराचा प्रकार, अंगावरची जागा, शेवटचे औषध कोणते आणि कधी मारले, आणि गोळा करणाऱ्याचे नाव. चिठ्ठी बाटलीच्या आत टाकावी, बाहेर चिकटवू नये. बाहेरची निघून जाते. आणि ती शिसपेन्सिलीने लिहावी. पेनाची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते आणि वर्षभराने निळ्या पाण्यात कोरा कागद तरंगताना दिसतो.